शिवारातले प्रश्न, फळ्यावरचं गणित

पुण्याच्या वायव्येला, पवनेच्या काठी पिंपळे सौदागर आहे. आज तिथे उंच निवासी संकुलं आहेत, मॉल आहेत, हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्यांची सकाळ-संध्याकाळ गर्दी आहे. शंभर वर्षांपूर्वी ते शेतीवर जगणारं एक लहान गाव होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन त्या गावातलं शेत न् शेत मोजलं. कुणाची जमीन किती तुकड्यांत आहे, कुठल्या तुकड्यात काय पिकतं, कुणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, घरातलं कोण बाहेर मजुरीला जातं, हे सगळं घरोघर विचारून लिहून काढलं. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे ही नावं त्या कामात मान यांच्याबरोबर आहेत. १९१७ साली ते पुस्तक निघालं, मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ग्रंथमालेतलं पहिलं. त्यातला एक आकडा आजही थांबवतो: १७७१ साली या गावात सरासरी जमीन ४० एकर होती, १९१५च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्राची एम.ए. घेऊन आलेल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर एक लेख लिहिला. मान यांची पाहणी त्यांच्यासमोर होती. तुकडे जोडा, धारणा मोठी करा, असं त्या काळातले बहुतेक जाणकार सांगत होते. आंबेडकरांनी मुळातच हात घातला. जमीन लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? शेतकऱ्याजवळ बैल किती, अवजारं किती, भांडवल किती, हे पाहिल्याशिवाय एकरांच्या आकड्याला अर्थ नाही. त्या मानाने पाहिलं तर आहे ती जमीनसुद्धा अनेकांना झेपण्यापलीकडची आहे, आणि खरा पेच एका शेतावर अवलंबून असलेल्या जादा माणसांचा आहे. त्यांना दुसरीकडे काम मिळालं पाहिजे, म्हणजे उद्योग वाढले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा ते २७ वर्षांचे होते. विकासाच्या अर्थशास्त्रात छुप्या बेकारीची चर्चा रुजायला अजून कित्येक वर्षं होती.

अर्थशास्त्रात एम.ए. करणं म्हणजे काय, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. एका बाजूला चिखलात उतरून केलेली मोजणी, दुसऱ्या बाजूला त्या मोजणीला नीट प्रश्न विचारण्याची तयारी. महाराष्ट्रातले अर्थशास्त्राचे वर्ग गेले काही महिने मी पाहते आहे, तिथल्या मुलामुलींशी आणि शिक्षकांशी बोलते आहे. माझ्यापुढे उभं राहिलेलं चित्र असं, की ही दोन कामं आता दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या मुलांच्या वाट्याला आली आहेत. पदवीचं नाव एकच आहे. आत मात्र दोन पदव्या झाल्या आहेत.

पहिली पदवी प्रवेश परीक्षेच्या दारातून मिळते. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, जी १९८७ साली रिझर्व्ह बँकेने काढली. पुण्याची गोखले संस्था. मुंबई विद्यापीठाचा कालिन्यातला अर्थशास्त्र विभाग. राज्याबाहेर गेलं तर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जेएनयू, भारतीय सांख्यिकी संस्था. अलीकडे केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आहे, आयआयटींच्या ‘जॅम’ परीक्षेत २०२१पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. इथे पहिल्या आठवड्यातच फळ्यावर आंशिक अवकलन येतं. सूक्ष्म अर्थशास्त्राला व्हेरियन, पुढे मास-कोलेल; समष्टीला रोमर; इकॉनॉमेट्रिक्सला वुलड्रिज आणि गुजराती. यातले दामोदर गुजराती मुंबई विद्यापीठाचे एम.कॉम., पुढे शिकागोला गेले, आणि १९७८ साली आलेलं त्यांचं पुस्तक जगभरातल्या विद्यार्थ्यांनी वाचलं. संगणकावर स्टाटा किंवा आर चालवता आलं पाहिजे. इथून बाहेर पडलेली मुलं बँकांत, सल्लागार कंपन्यांत, संशोधन संस्थांत जातात, काही परदेशी पीएच.डी.ला.

दुसरी पदवी तालुक्याच्या गावी मिळते. प्रवेश सहज होतो. पेपर मराठीत लिहिता येतात, आणि ही सोय मोलाची आहे. ती काढून घ्या असं कुणी म्हटलं तर मी विरोधात उभी राहीन. पण पुस्तकांचं काय? बाजारात मिळतात त्या नोट्स आणि अपेक्षित प्रश्नसंच. आकृती पाठ करायची, तिच्याखाली स्पष्टीकरण पाठ करायचं, वैशिष्ट्यं आणि टीका पाठ करायच्या. संख्याशास्त्राचा पेपर असतो, पण बऱ्याच ठिकाणी मध्य, मध्यगा आणि सहसंबंध गुणांकापुढे गाडी जात नाही. शिकवणारे बरेचदा तासिका तत्त्वावरचे, दोन-तीन महाविद्यालयांत फिरून महिना भागवणारे. त्यांना दोष देववत नाही. नेट-सेट होऊन वर्षानुवर्षं ज्याला कायम जागा मिळत नाही, त्याने नवा अभ्यासक्रम स्वतः शिकून उभा करावा ही अपेक्षा कुणाच्या तोंडाने करायची?

या वर्गांतली बरीच मुलं आणखी एका कारणाने तिथे असतात. एम.ए.ला नाव असलं की वसतिगृहाची खोली राहते, ग्रंथालयाचं कार्ड राहतं, घरी सांगायला काहीतरी राहतं, आणि मधल्या काळात एमपीएससीचा अभ्यास होतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्या कितीतरी जणांच्या नावापुढे अशी एम.ए. आहे. मी या मुलांना नावं ठेवणार नाही. ज्या पदवीने पुढचा रस्ता दाखवला नाही, तिचा उपयोग त्यांनी निवाऱ्यासाठी केला.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण कला शाखेच्या पदव्युत्तर वर्गांत त्या मोठ्या संख्येने आहेत. एका महाविद्यालयात मला भेटलेल्या मुलींपैकी निम्म्याजणी रोज एसटीने येणाऱ्या होत्या. शेवटची गाडी चुकली तर पुढची नाही, म्हणून दुपारनंतरचं व्याख्यान त्या अर्ध्यात सोडतात. एम.ए. म्हणजे लग्न ठरेपर्यंतची दोन वर्षं असं घरचे धरून चालतात, आणि त्या दोन वर्षांत आपण काहीतरी करून दाखवलं तर तिसरं वर्ष मागता येईल, असं मुली धरून चालतात. त्यांच्यातली एक मला म्हणाली, “मॅडम, आम्हाला अवघड शिकवा. सोपं करून करून आमच्या हातात काहीच राहत नाही.” अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीसमोर हे वाक्य कुणीतरी वाचून दाखवावं असं मला वाटतं.

दोन पदव्यांमधली भिंत नेमकी कशाची आहे? इंग्रजीची आहे, पैशाची आहे, पण सगळ्यांत जाड थर गणिताचा आहे. कला शाखेला गेलेल्या मुलाची आणि गणिताची शेवटची भेट दहावीत झालेली असते. मग पाच-सहा वर्षांनी, एकवीस-बाविसाव्या वर्षी, त्याच्यासमोर लॅग्रांज गुणक येतो. तो घाबरतो, आणि आपल्याला हे जमणार नाही असं एकदाच ठरवून टाकतो. खरं तर या गणितामागचा विचार त्याच्या घरात रोज चाललेला असतो.

कालव्याच्या पाण्यावरचं शेत घ्या. आवर्तन सुटलं, शेतकऱ्याच्या वाट्याला हंगामात ठरावीक पाळ्या आल्या. थोडा ऊस आहे, थोडी रब्बी ज्वारी, बांधाकडेला हरभरा. पाणी कुठल्या पिकाला किती द्यायचं? उसाला पहिलं पाणी दिलं की फायदा मोठा, दुसऱ्याने थोडा कमी, पुढे पुढे आणखी कमी. ज्वारीचंही तसंच. शहाणा शेतकरी पाणी अशा रीतीने वाटतो, की शेवटची पाळी उसाला दिली काय आणि ज्वारीला दिली काय, वाढणारं उत्पन्न सारखंच. सारखं नसेल, तर जिथे कमी मिळतं तिथलं पाणी काढून तो जिथे जास्त मिळतं तिथे वळवतो. कुणी शिकवलेलं नसतं, तरी हे तो करतो. लॅग्रांजची पद्धत हेच समीकरणात मांडते आणि त्याबरोबर आणखी एक उत्तर देते: आणखी एक पाळी मिळाली असती, तर उत्पन्न किती वाढलं असतं? तो गुणक म्हणजे त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने एका पाळीचं मोल. अर्थशास्त्रात त्याला छाया किंमत म्हणतात.

आता खरी गंमत इथून पुढे आहे, आणि इथेच शिकलेल्या माणसाला न शिकलेल्यापेक्षा पुढचं दिसतं. चारीच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्यासाठी एका पाळीचं मोल समजा थोडं आहे, कारण त्याला पाणी भरपूर मिळतं आणि त्याने सगळ्या रानात ऊस लावला आहे. टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. त्याच्यासाठी एका पाळीचं मोल प्रचंड आहे, कारण त्या एका पाण्यावर त्याची ज्वारी उभी राहणार आहे. दोघांची छाया किंमत वेगळी आहे याचा अर्थ पाणी वाटण्याची रीत गावाचं नुकसान करते आहे. वरच्याकडून एक पाळी घेऊन खालच्याला दिली तर गावाचं एकूण उत्पन्न वाढेल. मग ती वळत का नाही? आपल्याकडे कालव्याची पाणीपट्टी परंपरेने पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाते, पाणी मोजून नाही. एकदा उसाची पाणीपट्टी भरली की जास्तीचं पाणी त्याच्यासाठी फुकट. २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी द्यायची दिशा धरली. ती जमिनीवर कुठे उतरली, कुठे उतरली नाही, का उतरली नाही, हा एका प्रबंधाचा विषय नाही, पन्नास प्रबंधांचा आहे. लागवडीखालच्या जमिनीचा लहानसा भाग व्यापणारा ऊस या राज्याच्या सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. हे ज्यांनी चारीवर उभं राहून पाहिलं आहे, त्या मुलांना लॅग्रांज येत नाही. ज्यांना लॅग्रांज येतो, त्यातल्या अनेकांनी चारी पाहिलेली नाही. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आहे.

ही फारकत महाराष्ट्राच्या परंपरेत नव्हती, म्हणून ती जास्त लागते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की इंग्लंडचे सिद्धांत इथल्या परिस्थितीवर तपासून घ्यावेत. त्याच्याही आधी, १८४९ साली, लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ मराठीत आणलं होतं. अर्थशास्त्र मराठीत आणायचं म्हणजे सोपं करायचं असं त्या पिढीला वाटत नव्हतं. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग शंभर वर्षांहून जुना आहे. चंदुलाल वकील, दांतवाला, लकडावाला, ब्रह्मानंद अशी माणसं तिथे शिकवून गेली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अवजड उद्योगांवर भर ठरत होता, तेव्हा १९५६ साली वकील आणि ब्रह्मानंद यांनी वेगळा हिशेब मांडला. मजुराला कामावर घ्यायचं तर त्याला आधी धान्य लागेल, कापड लागेल. तो साठा नसेल तर नुसत्या यंत्रांनी रोजगार वाढणार नाही. देशाच्या योजनेला असा प्रश्न विचारायची ताकद या राज्यातल्या एका विद्यापीठ विभागात होती.

आणि पुण्याला गाडगीळ होते. धनंजयराव गाडगीळ १९०१चे, केंब्रिजला शिकलेले. तिथला त्यांचा प्रबंध भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा, तो १९२४ साली पुस्तकरूपाने आला. रावबहादुर काळे यांच्या देणगीतून १९३० साली भारत सेवक समाजाने गोखले संस्था काढली, आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. संस्थेची सुरुवातीची पुस्तकं पाहा. १९३३ साली पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी: बागायतदाराकडून निघालेलं फळ किती हातांतून जातं आणि प्रत्येक हात किती ठेवून घेतो. मग वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब. मग पुणे शहराची घरोघर पाहणी. सोवनींची कोल्हापूरची पाहणी. भव्य सिद्धांताआधी बाजारात जाऊन दलालाची पट्टी पाहायची, ही त्या घराण्याची शिस्त. याच गाडगीळांनी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर सहकारी साखर कारखाना उभा करायला हात दिला, सुरुवातीची वर्षं त्याचं अध्यक्षपद सांभाळलं, आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबीस आणि राव यांच्याबरोबर तिसरे सभासद तेच होते.

पाहणीवाले लोक गणिताला बिचकणारे होते असं कुणी समजू नये. गाडगीळांनंतर संस्थेची धुरा घेतलेले वि. म. दांडेकर साताऱ्याचे, आणि शिक्षणाने संख्याशास्त्रज्ञ, कलकत्त्याला शिकले. १९७१ साली त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर जे लिहिलं, ते आजही प्रत्येक एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत एका ओळीत येतं. ती ओळ उघडून पाहिली पाहिजे. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक हवेत असं धरलं. मग राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कोष्टकांत शोधलं, की किती खर्च करणाऱ्या कुटुंबांना प्रत्यक्षात तेवढं अन्न मिळतं. १९६०-६१च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. त्या रेषेखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक होते. विद्यार्थी हे आकडे पाठ करतात. पण १५च का, २२५० उष्मांक कुणाला, नांगर धरणाऱ्याला की गादीवर बसणाऱ्याला, घरभाड्याचं आणि औषधाचं काय, हे प्रश्न ज्याने एकदा स्वतःशी विचारले, त्याला २००९चा सुरेश तेंडुलकर समितीचा अहवाल कळतो. उष्मांकांची दोरी सोडून शिक्षण-आरोग्याचा खर्च त्यात का धरला गेला, हे कळतं. रेषा कुणीतरी आखलेली असते, आणि आखणाऱ्याला जाब विचारता येतो. एम.ए.ने एवढा आत्मविश्वास दिला तरी पुष्कळ आहे.

याच दांडेकरांच्या समितीने १९८४ साली महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला आणि ३१८६ कोटींचा अनुशेष दाखवला. विदर्भ-मराठवाड्याच्या प्रत्येक सभेत आजही जो शब्द घुमतो, तो आधी एका अर्थतज्ज्ञाच्या कोष्टकात बसला होता.

तालुक्याच्या वाटेने वर येता येत नाही, असा निष्कर्ष कुणी काढू नये. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले सुखदेव थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, एम.ए. मराठवाडा विद्यापीठातून केलं, मग जेएनयूत गेले, आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. नरेंद्र जाधव मुंबई विद्यापीठाचे एम.ए., पुढे अमेरिकेत पीएच.डी., रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठात शिकले, शिकवते झाले आणि कुलगुरूही झाले. यांच्यामागे आंबेडकरांचा रस्ता होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला पोचलेला तो विद्यार्थी दोन वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवहारावर प्रबंध लिहून एम.ए. झाला, मग लंडनला १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मधे शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परत यावं लागलं, सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवावे लागले. सगळ्यांनाच एवढा कस लावून घेता येत नाही. व्यवस्थेने असामान्य माणसांच्या भरवशावर राहू नये, वाट सामान्य मुलासाठी बांधावी.

ती वाट बांधता येण्यासारखी आहे, आणि तिला फार पैसा लागत नाही. एम.ए. सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांचा गणिताचा पूर्ववर्ग, मराठीतून. बीजगणिताची उजळणी, फलन, अवकलन, सारणी, संभाव्यता. एवढ्यावर पहिलं सत्र निभावतं, हे मला शिकवणाऱ्यांनीच सांगितलं. चियांगचं गणिती अर्थशास्त्राचं पुस्तक पुढे ठेवा, पण समजावणारा मराठीत बोलू दे आणि उदाहरण कापसाचं, दुधाचं, आवर्तनाचं घेऊ दे. मराठीत इकॉनॉमेट्रिक्सचं नेटकं, आजच्या पद्धती सांगणारं पाठ्यपुस्तक हवं. मराठी अर्थशास्त्र परिषद आणि तिचं ‘अर्थसंवाद’ हे त्रैमासिक मराठीतून लिहिणाऱ्यांना जागा देतात, तेव्हा लिहिणारे नाहीत असं नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने घरी बसून शिकणाऱ्यांपर्यंत पदवी नेली, तोच मार्ग या पूर्ववर्गालाही वापरता येईल. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची एम.ए. आणली आहे. तालुक्याच्या मुलाला पूर्वी दोन वर्षांत जे भरून काढता येत नव्हतं, ते एका वर्षात कसं भरून निघेल, याचं उत्तर आताच शोधलं नाही तर भिंत आणखी उंच होईल.

आकडेवारीची अडचण आता राहिलेली नाही, ही मोठीच गोष्ट आहे. नमुना पाहणीची कुटुंबवार माहिती आज विद्यार्थ्याला विनामूल्य मिळते. २०११-१२ नंतर खर्चाचे आकडे बरीच वर्षं आलेच नव्हते. २०२२-२३च्या पाहणीत ग्रामीण माणशी मासिक खर्च ३७७३ रुपये आणि शहरी ६४५९ रुपये आला. एखाद्या महाविद्यालयात चालू स्थितीतले चार संगणक आणि एक जाणता शिक्षक असेल, तर नांदेडमधली मुलगी दिल्लीतल्या मुलाइतक्याच कच्च्या मालावर काम करू शकते. काय करायचं ते कळलं पाहिजे. कर्ज घेतलेल्या शेतकऱ्याचं उत्पन्न न घेतलेल्यापेक्षा जास्त दिसलं, तर ते कर्जामुळे वाढलं की आधीच सुस्थितीत असलेल्यालाच बँकेने कर्ज दिलं? हा प्रश्न पडणं हाच इकॉनॉमेट्रिक्सचा निम्मा भाग. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखींमुळे मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढतात का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्ग निवडून तपासलं, कारण त्यांना हाच संशय टाळायचा होता. गुण वाढलेले दिसले. बॅनर्जींची एम.ए. जेएनयूची. २०१९ साली नोबेल मिळालं तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत त्यांच्या आवडीनिवडींवर पुष्कळ छापून आलं, मुंबईच्या शाळांतल्या त्या प्रयोगावर फार थोडं.

पदवीनंतरच्या वाटांबद्दल मुलं नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. भारतीय आर्थिक सेवा १९६१ साली सुरू झाली. तिच्यासाठी अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, जागा थोड्या असतात, उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातल्या ‘ग्रेड बी’ पदांसाठीही एम.ए. हवी. नेट-सेट करून अध्यापनात जायचं, तर तासिका तत्त्वावरच्या वर्षांचा हिशेब आधी घरच्यांसमोर मांडावा. खासगी क्षेत्राला आकडे हाताळणारी माणसं हवी आहेत, आणि तिथे गणिताच्या थराच्या अलीकडे-पलीकडे असण्याने पगारात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मला मात्र नोकरीपेक्षा प्रबंधिकेची काळजी जास्त वाटते. एम.ए.च्या शेवटी विद्यार्थी पहिल्यांदा स्वतः काही शोधतो. बहुतेक ठिकाणी ती उरकली जाते. गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी पानांवर नाव बदलून छपाईच्या दुकानात बांधणी करून आणली जाते. जिथे ती मनापासून होते, तिथे काय होतं ते मी पाहिलं आहे.

मराठवाड्यातली एक मुलगी ऊसतोड मजुरांच्या उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेवर, काम करत होती. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर तोडीला जातात. ती स्वतः लहानपणी कारखान्याच्या अड्ड्यावर राहिलेली. तिला पाहायचं होतं, की मुकादमाकडून मोठी उचल घेणाऱ्यांना तोडीचा दर पदरात कमी पडतो का. तिचं प्रश्नपत्रक नेटकं होतं: घरातली माणसं, जमीन, उचल, किती टन तोडलं, किती फिटलं, किती बाकी राहिलं. मार्गदर्शकांनी तिला विचारलं, मोठी उचल घेणारी कुटुंबं मुळातच जास्त अडलेली असतील, तर फरक उचलीचा की अडचणीचा? त्या प्रश्नावर ती बराच काळ अडकली. मग तिने प्रश्नपत्रकात आजारपण, लग्न, विहीर असे आधीच्या वर्षातले खर्च विचारायला सुरुवात केली आणि काम पुढे सरकलं.

मी भेटले तेव्हा ती दुसऱ्याच ठिकाणी अडली होती. तोडीची मजुरी कोयत्यावर ठरते. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि हिशेब मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावाने लागतो. सरकारी पाहणीच्या धर्तीवर तिने स्त्रीची मजुरी असा वेगळा रकाना ठेवला होता. एकाही घरात त्याचं उत्तर मिळालं नव्हतं. बायका सांगत, आमची वेगळी कुठे असते? निम्मी लिहावी असं वर्गातल्या एकाने सुचवलं. ती नाही म्हणाली. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, पहाटे उठून भाकऱ्या, रात्री पोरांचं. निम्मी लिहिली की हे सगळं निम्म्यात बसलं असं होतं. शून्य लिहावं तर आई काम करत नाही असं होतं. रकाना रिकामा ठेवला, तर संगणक ते घर गाळून टाकतो. मार्गदर्शकांनी तिला घराच्या आतल्या वाटाघाटींवरचे काही लेख वाचायला दिले होते, इंग्रजीत, गणितासकट. ती शब्दकोश घेऊन ते वाचत होती, आणि दर दोन पानांनी वहीत स्वतःच्या आईचा दिवस तासांमध्ये मांडून पाहत होती. रकान्याचं नाव बदलून ‘कामाचे तास’ करावं आणि सगळ्या घरांत पुन्हा जावं, असं तिच्या मनात होतं. पट्टा पडायला, म्हणजे गळीत हंगाम संपायला, अजून अवकाश होता, माणसं अड्ड्यावर सापडणार होती.